प्रयोग फसला की जायचं कुणाकडे?

विज्ञानाचा शिक्षक आपल्या शाळेत बहुधा एकटा असतो. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक, सामाजिक शास्त्रांसाठी एक आणि भाषांसाठी एक असावा, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. लहान गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हे किमानच कमाल होऊन बसतं. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या बाई विद्युत परिपथाचा पाठ घेतात, रसायनशास्त्र शिकून आलेले सर पेशींबद्दल शिकवतात, आणि दोघांनाही त्याच दिवशी गणिताचे तास असतात. सेल नवा असूनही दिवा लागला नाही, किंवा एखाद्या मुलीनं विचारलं की चंद्र दिवसासुद्धा दिसतो तो कसा, तर विचारायला शेजारच्या वर्गात कुणी नसतं. फसलेला प्रयोग कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी तो पाठ फळ्यावरच होतो.

हे पुस्तक त्या एकट्या शिक्षकासाठी आहे. त्याला सोबत मिळावी म्हणून आपल्याकडे आणि इतरत्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय काय करून पाहिलं गेलं, त्यातलं काय टिकलं आणि काय विरून गेलं, याचा शोध यातल्या लेखकांनी घेतला आहे. वाचायला घेण्याआधी माझं म्हणणं मांडून ठेवते. शिक्षकाच्या कामी येणारी मदत त्याच्या जवळ असावी लागते, पुन्हा पुन्हा मिळावी लागते, आणि ती देणाऱ्याला विषय कळत असावा लागतो. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. दहा-पंधरा शाळांच्या केंद्राची बैठक जवळ आहे आणि दर महिन्याला होते, पण तिथं विज्ञान क्वचितच निघतं. शास्त्रज्ञांना विषय कळतो, पण ते दूर असतात आणि एखाद्या कार्यशाळेपुरते भेटतात. राज्याचं प्रशिक्षण सगळ्यांपर्यंत पोहोचतं, पण एकदाच, आणि तेही वाटेत पातळ होऊन.

नवख्या वाचकाला इथं प्रश्न पडेल की विज्ञानाच्याच शिक्षकाला वेगळी मदत कशाला. मेणबत्तीचा एक प्रयोग जवळून पाहू. बशीत मेणबत्ती उभी करायची, बशीत पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून वर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळानं ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढतं. याचं स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या असं दिलं गेलं की हवेत सुमारे एकपंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली. पाणी साधारण तेवढंच चढल्यासारखं दिसतंही. मुलं वहीत उतरवून घेतात, शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात.

हाच प्रयोग दहा-बारा शिक्षकांनी एकत्र बसून केला की गोष्ट बदलते. कुणाच्या तरी लक्षात येतं की ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं, आणि ती विझल्यावर मात्र भराभर चढतं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असतं, तर ते ज्योत जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला पेला टेकवताना कडेनं बाहेर पडलेले बुडबुडे दिसलेले असतात. मग एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या जातात. पेला तोच, त्यातली हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढतं. आता एकपंचमांशाचं गणित कोसळतं. ज्योतींनी तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात बाहेर गेली, ज्योती विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकुंचन पावली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं, हे उत्तर कुणी सांगायच्या आधीच टेबलाभोवती आकार घेऊ लागतं. ज्वलनात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि ज्योत विझते तेव्हा पेल्यात पुष्कळसा ऑक्सिजन शिल्लकच असतो, याची चर्चा मग अर्धा-पाऊण तास चालते.

अशा दुपारीत शिक्षकाला जे मिळतं ते छापील हस्तपुस्तिकेतून मिळत नाही. हस्तपुस्तिका बरोबर उत्तर देईल. पण चुकीचं उत्तर इतकी वर्षं पटलं कसं, ते नेमकं कोणत्या निरीक्षणापाशी तुटतं, आणि आपल्या वर्गातली मुलं कुठे अडखळतील, हे समजायला हात ओले करावे लागतात आणि बरोबरीच्या माणसांशी वाद घालावा लागतो. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९८६ मध्ये हाच मुद्दा मांडला. विषय येणं ही एक गोष्ट आणि शिकवण्याची हातोटी ही दुसरी. या दोहोंखेरीज तो विशिष्ट विषय शिकवण्याचं असं एक तिसरं ज्ञान असतं आणि शिक्षकाची खरी कमाई तीच असते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोझालिंड ड्रायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलं वर्गात रिकाम्या डोक्यानं येत नाहीत. उष्णता, बल, प्रकाश यांच्याबद्दल त्यांच्या स्वतःच्या कल्पना आधीच पक्क्या झालेल्या असतात. त्या कल्पना ओळखणारा शिक्षक घडवायचा असेल, तर त्याला आपल्या वर्गात काय झालं हे कुणाला तरी वरचेवर सांगता आलं पाहिजे.

या क्षेत्राचा इतिहास साधनांच्या टंचाईपासून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या शाळांकडे उपकरणं उरली नव्हती. त्यांच्या शिक्षकांसाठी युनेस्कोनं हाताशी असलेल्या वस्तूंमधून प्रयोग कसे करावेत याची एक पुस्तिका काढली. तिचा विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञान शिक्षकांसाठीचा जो जाडजूड प्रयोगसंग्रह तयार झाला, तो जगभरच्या शाळांमध्ये पोहोचला. त्यानंतर १९५७ मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत शालेय विज्ञानासाठी पैशाचा ओघ सुरू झाला. शाळेचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामाला जोर आला आणि शिक्षकांसाठीचे उन्हाळी वर्ग वाढले. १९६२ पासून इंग्लंडमध्ये नफील्ड फाउंडेशनच्या पैशातून नवे विज्ञान अभ्यासक्रम आले. ते शिकवणं जुन्या शिक्षकांना जड जाऊ लागलं, तेव्हा गावोगावी शिक्षक केंद्रं उघडली गेली. भारतातही १९६३ पासून अमेरिकी मदतीनं उन्हाळी विज्ञान वर्ग सुरू झाले.

या पहिल्या परंपरेचा विश्वास असा होता की उत्तम शास्त्रज्ञांनी उत्तम अभ्यासक्रम लिहावा आणि शिक्षकांना तो नीट समजावून द्यावा. विषयाच्या बाजूनं ती भक्कम होती. पण उन्हाळ्यात भरभरून शिकून आलेला शिक्षक जूनमध्ये शाळेत परतला की पुन्हा एकटाच. ऑगस्टमध्ये त्याला पडलेला प्रश्न पुढच्या मे महिन्यापर्यंत कोण लक्षात ठेवणार?

या प्रश्नाचं रचनेच्या पातळीवरचं उत्तर आपल्याकडे १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं दिलं होतं. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेला हा माणूस ग्रामीण शाळेचं एकटेपण ओळखून होता. एका हायस्कुलाभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा गुंफाव्यात, त्यांनी साधनं आणि माणसं वाटून घ्यावीत, अशी शाळा संकुलाची कल्पना आयोगानं मांडली. हायस्कुलातल्या विज्ञानाच्या शिक्षकानं आणि तिथल्या प्रयोगशाळेनं आसपासच्या शाळांच्या उपयोगी पडावं, इतकी ती साधी होती. देशभर ती कधीच मनापासून राबवली गेली नाही, आणि तरीही ती मेली नाही. पुढच्या प्रत्येक दशकात ती नवं नाव घेऊन परत येत राहिली.

ती सर्वांत गंभीरपणे राबवली गेली मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांमध्ये एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून खेड्यात गेलेले शास्त्रज्ञ. त्यांच्यामागोमाग त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले अनेक शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये तिथं राबू लागले. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये त्याची धुरा एकलव्य या संस्थेकडे आली.

होशंगाबादचं नाव घेतलं की लोक ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं आणि प्रयोगांची पेटी आठवतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते शिक्षकांभोवतीचं जाळं. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या शिबिरात शिक्षक पुढच्या इयत्तेतला प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहत. मुलांसारखेच गटात बसून, स्वतःचे तक्ते भरून, एकमेकांच्या आकड्यांवर हरकत घेऊन. वर्ष सुरू झालं की परिसरातल्या मध्यवर्ती शाळेत दर महिन्याला मासिक गोष्ठी भरे. झालेल्या पाठात काय अडलं, कुठला प्रयोग चालला नाही, पेटीतलं काय संपलं, याची चर्चा होई आणि येणाऱ्या पाठाची तयारी होई. स्रोत गटातले अनुभवी शिक्षक अधूनमधून शाळांना भेट देत. त्याला अनुगमन म्हणत. तपासणीशी त्याचा संबंध नव्हता. परीक्षासुद्धा बदलली होती. पुस्तक उघडं ठेवून लेखी पेपर आणि जोडीला प्रात्यक्षिक. मुलांनी विचारलेल्या वाटेल त्या प्रश्नांना सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र पत्रानं उत्तर देई.

गोष्ठीत शिक्षक जे सांगत ते लिहून घेतलं जाई आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत उतरे. एखाद्या तालुक्यातली माती किंवा पानं वेगळी निघाली म्हणून प्रयोग बदलावा लागला, एखादी सूचना मुलांना कळेना म्हणून वाक्य पुन्हा लिहिलं गेलं. ज्या शिक्षकानं तक्रार केली त्याला तीन-चार वर्षांनी पुस्तकात आपल्या तक्रारीचं उत्तर दिसे. आपल्या बोलण्यानं काहीतरी हललं हे ज्याला एकदा कळलं तो बैठकीला आपणहून येतो. माझ्या मते होशंगाबादच्या यशाचं इंगित इथं आहे.

आणि तरीही २००२ मध्ये राज्य सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं, शेकडो शाळांमध्ये पोहोचलेलं, शिक्षकांनी स्वतः वाढवलेलं काम प्रशासनाच्या निर्णयानं थांबलं. त्याची कारणं या संग्रहात वेगवेगळ्या अंगांनी तपासली आहेत. मला त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. गोष्ठी हा व्यवस्थेचा भाग झाला होता, पण व्यवस्थेला तो आपला वाटला नव्हता. शिक्षकांना तो आपला वाटत होता. निर्णय घेण्याच्या टेबलाजवळ मात्र त्यांना जागा नव्हती.

होशंगाबादचा महाराष्ट्राशी आलेला एक धागा सांगायलाच हवा. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथं गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून काय काय करता येईल हे शोधताना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या त्यांच्या हाती आल्या. नळीच्या तुकड्यांत काड्या खोचून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती जोडल्या. त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन कलंडतो हे मुलाच्या बोटांना कळतं, आणि पूल-मनोऱ्यांमध्ये त्रिकोण का असतात हा प्रश्न आपसूक निघतो. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांनी पहिलं खेळणं तिथं किंवा त्यांच्या पुस्तकातून पाहून बनवलं.

मराठी मुलखात या कामाची स्वतःची परंपरा आहे. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झालं आणि शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांना मराठीतून वाचायला विज्ञान मिळालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या शाखा गावोगावी पसरल्या. मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळासारखी शिक्षकांनीच चालवलेली संघटना उभी राहिली. होमी भाभांच्या नावानं ती घेत असलेली बालवैज्ञानिक स्पर्धा घराघरांत माहीत आहे, पण शिक्षकांनी आपल्या विषयासाठी स्वतः संघटित होणं ही तिची त्याहून मोठी कामगिरी. नागपूरला शालेय विज्ञानासाठी राज्याची स्वतंत्र संस्था झाली. पुण्याहून निघणाऱ्या ‘शैक्षणिक संदर्भ’नं एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’मधली आणि इतरही सामग्री मराठीत आणली.

१९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्याच्या पहिल्या वर्षांतलं काम जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात झालं. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ग्रामीण शाळांमध्ये विज्ञान का रुजत नाही हे शोधायला गेले होते. उपकरणांचा अभाव त्यांना अपेक्षित होता. सापडलं ते असं की पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत धोंड होऊन बसली आहे. तोच आशय सोप्या मराठीत लिहून दिल्यावर मुलांची समज वाढली. एक संशोधन संस्था खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसली आणि तिला आपलाच प्रश्न बदलावा लागला, म्हणून खिरोद्याचं काम मला आजही ताजं वाटतं. याच केंद्रात जयश्री रामदास यांनी लिहिलेल्या ‘हलकं फुलकं विज्ञान’ या प्राथमिक पुस्तकमालेला शिक्षकांसाठी वेगळ्या पुस्तिकांची जोड होती. मुलाच्या पुस्तकाइतकीच मेहनत शिक्षकाच्या पुस्तकावर घेणारे आपल्याकडे फार थोडे.

सरकारी यंत्रणेची वाट यापेक्षा निराळी. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानं जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था दिल्या. त्यांनाच आपण आता सरसकट डाएट म्हणतो. खडू-फळा योजनेतून शाळांमध्ये विज्ञानाच्या पेट्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी त्या हरवतील किंवा फुटतील या धास्तीनं कुलपातच राहिल्या, कारण फुटलेल्या वस्तूचा जाब कुणाला द्यायचा हे शिक्षकाला ठाऊक होतं, पण ती वापरायची कशी हे दाखवायला कुणी आलं नव्हतं. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि मग सर्व शिक्षा अभियान. त्यांनी तालुक्याला गट साधन केंद्र, दहा-पंधरा शाळांना समूह साधन केंद्र, केंद्रप्रमुख, विषयतज्ज्ञ, साधनव्यक्ती अशी उतरंड उभी केली. वर्षाला वीस दिवस सेवांतर्गत प्रशिक्षण हा निकषही तेव्हाचाच. कोठारी आयोगाचं संकुल कागदावर तरी अवतरलं होतं.

या यंत्रणेतून शिकवण्याची जी पद्धत रूढ झाली ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पुण्यात राज्यस्तरीय प्रशिक्षण होतं. तिथून आलेले जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. राज्याच्या पातळीवर चार दिवस चाललेलं केंद्रावर दोन दिवसांत उरकतं. प्रयोग गळतात, पीपीटी उरते. आर्थिक हिशेबानं ही साखळी स्वस्त आहे आणि तिनं लाखो शिक्षकांपर्यंत एकच निरोप पोहोचवता येतो, हे तिचं बळ मान्य करायला हवं. अभ्यासक्रम बदलला किंवा मूल्यमापनाचे नियम बदलले तर ती उपयोगी पडते. मेणबत्तीची ती दुपार मात्र तिच्यातून खाली उतरत नाही, कारण साखळीत प्रत्येकजण उत्तर घेऊन पुढे जातो आणि प्रश्न आधीच्या पातळीवरच राहतो.

दुसऱ्या टोकाला साताऱ्याचं कुमठे बीट. तिथल्या प्राथमिक शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं वर्ग बदलले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. आपल्यासारख्याच शिक्षकानं, आपल्यासारख्याच शाळेत केलेलं काम डोळ्यांनी पाहण्यात जी ताकद आहे ती भाषणात नाही, हे त्या वर्षांनी दाखवलं. त्याबरोबर हेही दिसलं की एका भेटीत फरशीवरची आखणी आणि भिंतींवरची चित्रं नेता येतात. त्यामागचा विचार न्यायचा तर परतल्यावरही कुणीतरी बोलायला लागतं. शिवाय ते काम मुख्यतः भाषा आणि गणिताचं होतं. विज्ञानाचं कुमठे अजून व्हायचं आहे.

परदेशातल्या दोन उदाहरणांवर या पुस्तकात स्वतंत्र लेखन आहे, म्हणून इथं थोडक्यात. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणं काढतात आणि नंतर त्या पाठावर बोलतात. मेजी काळापासून रुजलेली ही रीत आहे. शिक्षकाच्या गुणदोषांपेक्षा पाठाची चर्चा होत असल्यामुळे कुणाला अंग चोरावं लागत नाही. इंग्लंडमध्ये सरकार आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००४ पासून विज्ञान शिक्षकांसाठी नऊ प्रादेशिक केंद्रं आणि यॉर्कला एक राष्ट्रीय केंद्र उभं केलं. पुढे साधारण दशकभरानं प्रादेशिक केंद्रांची जागा शाळांच्याच भागीदारीवर चालणाऱ्या जाळ्यानं घेतली. श्रीमंत देशालाही वेगळ्या इमारती सांभाळण्यापेक्षा जवळच्या चांगल्या शाळेवर भिस्त ठेवावीशी वाटली, ही नोंद आपल्या उपयोगाची आहे.

आज हे पुस्तक काढण्याची निकड कशासाठी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, आणि कोठारी आयोगाचा उल्लेख करून शाळा संकुल पुन्हा मांडलं आहे. नवे अभ्यासक्रम आराखडे आणि नवी पाठ्यपुस्तकं येत आहेत. म्हणजे या ५० तासांत काय भरायचं हे येत्या काही वर्षांत ठरेल आणि एकदा ठरलं की बराच काळ तसंच राहील. ते तास दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे व्हिडिओ पाहून, प्रश्नमंजूषा सोडवून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊन भरणं सर्वांत सोपं आहे. ऑनलाइन सामग्रीला मी कमी लेखत नाही. करोनाच्या काळात आपल्या तंत्रस्नेही शिक्षकांनी एकमेकांना ज्या वेगानं शिकवलं ते अभिमान वाटावं असं होतं, आणि विज्ञान शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत रात्री दहा वाजता टाकलेल्या प्रश्नाला सव्वादहाला उत्तर येतं हे मी पाहिलेलं आहे. त्या गटांमध्ये जवळीक आहे, वारंवारिता आहे. फक्त चुकीचं उत्तरही तितक्याच वेगानं फिरतं, आणि परिपथ जुळत नसताना शेजारी येऊन तार धरणारा हात तिथं नसतो.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेकडे म्हणून मी आशेनं पाहते. ती आजही भरते. शिक्षक येतात, केंद्रप्रमुख येतात, दिवस राखून ठेवलेला असतो. त्या दिवसाचा मोठा भाग परिपत्रकं, माहितीचे तक्ते आणि योजनांचे आढावे खाऊन टाकतात. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना त्यातले दोन तास वेगळे द्या, जवळच्या हायस्कुलाची प्रयोगशाळा उघडा, डाएटमधला किंवा जवळच्या महाविद्यालयातला एक माणूस वर्षभर त्याच गटाशी बांधा. यासाठी नवी संस्था लागत नाही. मात्र ती बैठक ‘ड्युटी’ मानली गेली पाहिजे, तिचा प्रवासभत्ता वेळेवर मिळाला पाहिजे, आणि बदल्यांचा हंगाम आला की गटच्या गट विस्कटणार नाही याची काळजी घेतली पाहिजे. लहान मूल घरी ठेवून आडगावाहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या शिक्षिकेला बैठक किती वाजता सुटते हा प्रश्नही तितकाच मोठा असतो. आखणी करणाऱ्यांच्या कागदात तो सहसा दिसत नाही.

या संग्रहात शिक्षक, साधनव्यक्ती, डाएटमधले अधिव्याख्याते आणि काही शास्त्रज्ञ यांचं लेखन आहे. इतिहास सांगणारे लेख आधी आहेत, पण ज्याला उद्याच बैठक घ्यायची आहे त्यानं बेलाशक मधून सुरुवात करावी. बैठकांची टिपणं जशी लिहिली गेली तशीच ठेवली आहेत. त्यांत फसलेले प्रयोग आहेत, अर्धवट सुटलेले वाद आहेत, आणि कुणीच उत्तर न दिलेले प्रश्नही आहेत. ते साफसूफ करून आदर्श पाठांचं पुस्तक करण्याचा मोह संपादकांनी टाळला याचं मला समाधान आहे. सगळ्या लेखकांचं एकमत नाही. साखळी प्रशिक्षण दुरुस्त करता येईल असं मानणारे यात आहेत आणि ते मोडीत काढावं म्हणणारेही आहेत. बाहेरची संस्था असल्याशिवाय असं काम उभं राहत नाही, असा एकाचा अनुभव, तर संस्था निघून गेल्यावर गट टिकले असा दुसऱ्याचा. वाचकानं आपल्या तालुक्याचा अनुभव शेजारी ठेवून निवाडा करावा.

दोन विषय हवे तेवढे आलेले नाहीत. आश्रमशाळांमधल्या विज्ञान शिक्षकाचं एकटेपण वेगळ्या जातीचं आहे. मुलं गोंडी, भिली, कोरकू बोलणारी, पुस्तक मराठीत आणि शिक्षक शेकडो मैलांवरून बदलून आलेला. त्यावर एकच लेख मिळू शकला. दुसरा विषय प्रयोगशाळा परिचरांचा. ज्या हायस्कुलांत हे पद अजून भरलेलं आहे तिथं काचसामान आणि रसायनं खऱ्या अर्थानं त्यांच्याच हाती असतात, आणि कोणत्याही प्रशिक्षणात त्यांना बोलावलं जात नाही. पुढच्या आवृत्तीसाठी या दोन्हींवरचं लेखन संपादकांना हवं आहे.

केंद्रप्रमुखांना आणि गट साधन केंद्रातल्या विषयतज्ज्ञांना एक विनंती. शेवटच्या भागातली बारा टिपणं प्रत्येकी दोन तासांच्या बैठकीला पुरतील अशी निवडली आहेत. लागणारं सामान प्रत्येकाच्या सुरुवातीला दिलं आहे आणि ते तालुक्याच्या बाजारात मिळतं. पहिलं टिपण मेणबत्तीचं आहे. त्यासाठी एकाच मापाचे दोन पेले घ्या, आणि तिसरी मेणबत्ती आणायला विसरू नका.